घराला बाहेरून कोणता रंग द्यायचा? कौलारू घर, वाडा आणि स्लॅबचा बंगला यांचं उत्तर एकच नाही

पाऊस संपला, भिंती वाळल्या की गावोगावी परांच्या उभ्या राहतात. आतल्या खोलीचा रंग आवडला नाही, तर तो पुढच्या वर्षी बदलता येतो. बाहेरच्या भिंतीचं तसं नसतं. परांची, मजुरी, प्रायमर आणि रंग असा सगळा खर्च धरला, तर चुकलेला रंग बहुतेक कुटुंबांना कित्येक वर्षं बघत बसावा लागतो. तरीही निवड होते ती बोटभर आकाराच्या शेड कार्डवरून, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली.

मग सुरुवात कुठून करायची? ज्या गोष्टी बदलणार नाहीत, त्यांच्यापासून. छपराची कौलं, जोत्याचा दगड, लाकडी दारं-खिडक्या यांचे रंग आधीच ठरलेले असतात. भिंतीने त्यांच्याशी जुळवून घ्यायचं असतं.

कोकणातलं कौलारू घर

मंगलोरी कौलांचा विटकरी रंग आणि जांभ्याचा तांबडेपणा हे दोन्ही उष्ण रंग. त्यांच्याशेजारी सायीसारखा पांढरा, फिकट पिवळा किंवा मातकट रंग शोभतो. जांभळा किंवा भडक गुलाबी कौलांशी भांडतो.

पण इथे खरी परीक्षा पावसाची असते. कोकणात अनेक ठिकाणी वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. पागोळ्यांबरोबर अंगणातली लाल माती भिंतीवर उडते आणि पांढरीशुभ्र भिंत एकाच पावसाळ्यात खालून डागाळते. म्हणून जमिनीपासून दोन-अडीच फुटांचा गेरूसारखा गडद पट्टा मारण्याची जुनी पद्धत आजही कामाची आहे. शिवाय शेवाळरोधक रंग घेतलेला बरा.

जांभा उघडा असेल, तर तो तसाच ठेवणं उत्तम. हा दगड सच्छिद्र असतो. तो ओल शोषतो आणि सोडतो. त्यावर ऑइल पेंटचा थर चढवला की ओल आत कोंडते आणि पोपडे सुटतात. रंग द्यायचाच असेल, तर ओल बाहेर पडू देणारा चुना अधिक योग्य.

वाडा आणि जुनी इमारत

वाड्यात खाली काळा दगड, वर वीट आणि चुना आणि त्यात सागवान. इथेही चुनखडी पांढरा किंवा फिकट मातकट रंग पुरेसा असतो. लाकडावर चकचकीत तपकिरी ऑइल पेंट मारणं हा सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात न शोभणारा प्रकार. तेलपाणी केलं तर लाकडाच्या रेषा दिसत राहतात. वाडा वारसा यादीत असेल, तर काम सुरू करण्याआधी महापालिकेकडे परवानगीची चौकशी करावी.

मुंबईत मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींचं सौंदर्य गोलाकार बाल्कन्या आणि आडव्या पट्ट्यांमध्ये आहे. (हा परिसर २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.) अशा इमारतीची भिंत फिकट आणि पट्टे वेगळ्या रंगात ठेवले, तर रचना उठून दिसते. सगळीकडे एकच रंग फासला, तर ती हरवते.

स्लॅबचा बंगला

विदर्भ-मराठवाड्यात प्रश्न दिसण्याचा कमी, उकाड्याचा जास्त. गडद रंग ऊन शोषून घेतो आणि ती उष्णता हळूहळू आत येते. सध्या फॅशनमध्ये असलेला गडद राखाडी रंग नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांत पश्चिमेच्या भिंतीला देणं म्हणजे कूलरचं बिल वाढवून घेणं. काही कंपन्या शेडसोबत ‘एलआरव्ही’ हा आकडा देतात. ० म्हणजे जवळपास काळा, १०० म्हणजे पांढरा. आकडा जितका मोठा, तितका प्रकाश परत फेकला जातो. गडद रंग हवाच असेल, तर तो सावलीतल्या पोर्चला किंवा छज्ज्याच्या कडेला द्यावा.

झळाळते पिवळे, केशरी, गुलाबी रंग उन्हात बहुधा लवकर विटतात. गेरू आणि पिवळी माती यांचे रंग लोहाच्या ऑक्साइडपासून आलेले असल्याने जास्त टिकतात.

ठरवण्याआधी

छोटा डबा आणून दोन फूट बाय दोन फुटांचा नमुना भिंतीवर मारावा. एक उन्हाच्या बाजूला, एक सावलीत. तो सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी पाहावा. उघड्यावर रंग कार्डापेक्षा फिका वाटतो, हे तेव्हाच कळतं.

नवा गिलावा असेल, तर पाणी मारून झाल्यावर तो पूर्ण वाळू द्यावा. साधारण महिनाभर थांबावं. ओल्या, क्षारयुक्त भिंतीवर महागडा रंगही डागाळतो. गळती असेल, तर आधी ती काढावी; रंगाने ती फक्त झाकली जाते, तीही थोडे दिवस.

सोसायटीत किंवा रो-हाउसमध्ये राहणाऱ्यांनी आधी नियम पाहावेत, कारण बाहेरचा रंग तिथे बहुधा सगळ्यांनी मिळून ठरवायचा असतो. काम झालं की शेडचा क्रमांक कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा. दोन वर्षांनी पाइपासाठी भिंत फोडली, की तोच लागतो.