स्वयंचलित अवैध दूरध्वनी-प्रतिबंध

ग्राहकाच्या संमतीवाचून संगणकाद्वारे असंख्य क्रमांकांवर ध्वनिमुद्रित संदेश पोहोचविणाऱ्या दूरध्वनींना आळा घालण्याची, सेवादात्या कंपन्यांवर सोपविलेली व्यवस्था. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांवर ती आधारलेली असून २०२५ च्या दुरुस्तीने तिची कलमे अधिक कडक झाली. कर्नाटक परिमंडळातील बीदर व कलबुर्गी आणि महाराष्ट्र परिमंडळातील लगतचे लातूर व सोलापूर या जिल्ह्यांना ती सारखीच लागू आहे (पहा : दूरसंचार).

जाहिरातदारांची सामायिक अंकीय खातेवहीत नोंदणी (पहा : ब्लॉकचेन), प्रचारासाठी १४० व बँका, शासकीय संस्था इत्यादींच्या सेवाविषयक संभाषणासाठी १६०० या स्वतंत्र क्रमांकमाला, स्वयंचलित यंत्रणेच्या वापराची सेवादात्यास पूर्वसूचना, तसेच भारतीय क्रमांकाचे सोंग घेऊन परदेशातून येणाऱ्या दूरध्वनींना अटकाव, ही तिची मुख्य अंगे होत. ग्राहकास सात दिवसांच्या मुदतीत १९०९ वर तक्रार गुदरता येते. अनोंदणीकृत प्रेषकाविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी दाखल झाल्यास कारवाई सुरू होते.

दूरध्वनी अन्य परिमंडळातून आला असला, तरी तक्रार उगमस्थानच्या सेवादात्याकडे वर्ग होऊन चौकशीची जबाबदारी त्याच्यावर येते, हे या व्यवस्थेचे सीमावर्ती जिल्ह्यांच्या दृष्टीने महत्त्व होय (पहा : सायबर गुन्हे).