२ ऑगस्ट १९३२ : पॉझिट्रॉन सापडला

कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील २६ वर्षांचे कार्ल अँडरसन यांना विश्वकिरणांच्या एका छायाचित्रात प्रतिपदार्थाचा पहिला पुरावा मिळाला.

चुंबकीय क्षेत्रातील मेघकक्षात, म्हणजे कणांचे माग दाखवणाऱ्या उपकरणात, ६ मिलिमीटर जाडीची शिशाची पट्टी होती. ती भेदताना छायाचित्रातील कणाची ऊर्जा घटली, मार्ग अधिक वळला. त्यावरून कण खालून वर गेल्याचे कळले. वळणाची दिशा धनभार सांगत होती, पण प्रोटॉनच्या मानाने त्याचा माग फारच लांब होता. म्हणजे वस्तुमान इलेक्ट्रॉनएवढे, भार मात्र उलटा: हाच पॉझिट्रॉन!

भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांनी १९३१ मध्ये असा कण निव्वळ गणितातून वर्तवला होता. अँडरसन यांना १९३६ मध्ये व्हिक्टर हेस यांच्यासह भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. कर्करोगाच्या निदानासाठीचे पेट स्कॅन याच पॉझिट्रॉनवर चालते.