पगारी गायक ते ‘स्कॉलर’ : एका शब्दामागचा इतिहास



पीएचडीची तयारी करणाऱ्यांना विषय सापडतो, पण प्रश्न सापडत नाही. म्हणून आज एक छोटासा विषय घेऊ आणि त्यातून प्रश्न कसा काढायचा ते पाहू. विषय आहे कॉरल स्कॉलर.

इंग्लंडमध्ये गावोगावी हौशी क्वायर आहेत. शिक्षक, नोकरदार, निवृत्त मंडळी आठवड्यातून एकदा जमून गातात. त्यांतल्या काही क्वायर चार किंवा आठ तरुण गायक सोबत घेतात. हे बहुधा संगीताचे विद्यार्थी असतात. त्यांना ठरावीक मानधन मिळतं, कुठे गाण्याची शिकवणी मिळते, तर कुठे एकल गायची संधी. त्याबदल्यात त्यांनी तालमींना हजर राहायचं आणि आपल्या गटाला आधार द्यायचा. आता बघा, पैसे घेऊन गाणाऱ्याला ‘पगारी गायक’ म्हणता आलं असतं. मग ‘स्कॉलर’ का म्हणतात?

यासाठी केंब्रिजला जावं लागतं. सहाव्या हेन्रीने 1441 मध्ये किंग्ज कॉलेज स्थापन केलं. त्याच्या नियमावलीत चॅपेलच्या उपासनेसाठी 16 मुलगे गायक ठरवून दिले होते. मोठ्यांचे आवाज पाद्री आणि ‘ले क्लार्क’ पुरवत. ले क्लार्क म्हणजे पाद्री नसलेला पगारी गायक. पुढच्या काळात ही नोकरी जवळपास आयुष्यभराची झाली. पगार तुटपुंजा, त्यामुळे हे लोक दुसरा धंदाही करत. केंब्रिजमध्ये तर तेच गायक एकापेक्षा जास्त कॉलेजांत गात. आवाज थकला तरी माणूस जागेवरच राही. एस. एस. वेस्ली या ऑर्गनवादक संगीतकाराने 1849 मध्ये कॅथीड्रल संगीतावर एक पुस्तिका लिहिली. तिच्यात त्याने कमी पगार आणि अपुरे गायक यांवर कडक टीका केली आणि प्रत्येक कॅथीड्रलमध्ये किमान 12 ले क्लार्क हवेत अशी मागणी केली. म्हणजे वेस्लीचा उपाय होता : याच नोकरीला नीट पैसे द्या.

किंग्जने मात्र वेगळी वाट धरली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांपासून तिथे ले क्लार्कच्या जागी पदवीचे विद्यार्थी घ्यायला सुरुवात झाली. हेच कॉरल स्कॉलर. 1920 च्या दशकाच्या अखेरीस मोठ्यांच्या जागांवर जवळपास सगळे तेच होते. विद्यार्थी तीनेक वर्षांनी बाहेर पडणार, त्यामुळे आवाज कायम तरुण राहणार. शिवाय तो शिकायला आलेला, म्हणून त्याला दिलेली रक्कम ही शिष्यवृत्ती ठरते, पगार नाही. गाणं तेच राहिलं, पण नातं बदललं.

आता इथे थांबा. ‘स्कॉलर आले म्हणून क्वायर सुधारलं’ असं वाक्य लिहायचा मोह होतो. माझं एमएस्सी विज्ञानात झालंय. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच घटक बदलतो आणि बाकीचे स्थिर ठेवतो. इतिहासात ती सोय नसते. ए. एच. मॅन हे 1876 ते 1929 अशी 53 वर्षं किंग्जचे ऑर्गनवादक होते आणि हा सगळा बदल त्यांच्याच कारकिर्दीत झाला. 1918 मध्ये तिथे नाताळची प्रसिद्ध ‘नऊ पाठांची’ उपासना सुरू झाली आणि 1928 मध्ये ती रेडिओवर गेली. मग श्रेय कुणाचं? तरुण आवाजांचं, मॅन यांच्या शिस्तीचं, की देशभर ऐकलं जाण्याच्या दडपणाचं? तीन घटक एकाच वेळी हलले आहेत. तुमच्या प्रबंधातही असं होणार. तेव्हा ‘यामुळे झालं’ लिहिण्याआधी त्याच काळात आणखी काय बदललं याची यादी करा.

आता परत हौशी क्वायरकडे येऊ. कॉलेजात स्कॉलरने जुन्या गायकाची जागा घेतली होती. हौशी क्वायरमध्ये तो कुणाची जागा घेत नाही, शेजारी उभा राहतो. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे चार गट वेगवेगळ्या ओळी गातात. शेजारचा गट ऐकून आपली ओळ सापडत नाही. बराच वेळ गप्प राहून नेमक्या मात्रेवर शिरायचं असतं, तिथे हौशी गायक कचरतो. नोटेशन बघून बिनधास्त गाणारा एक जण गटात असला की बाकीचे त्याच्या आवाजावर भरवसा ठेवून शिरतात. टेनर तर बहुतेक ठिकाणी कमीच असतात, तिथे दोन माणसांनीही फरक पडतो.

पण दुसरी बाजूही आहे. आधाराची सवय लागली की बाकीचे मोजणं सोडून देतात, आणि स्कॉलर गेला की गट पुन्हा डळमळतो. शिवाय दर्जा वाढला की ज्यांना नोटेशन येत नाही, त्यांना दार हळूहळू बंद होऊ शकतं. जे क्वायर सगळ्यांसाठी म्हणून सुरू झालं, त्याचं हे खरं नुकसान.

म्हणून या विषयातून मला तीन प्रश्न काढता येतात. स्कॉलर आल्यावर कोण बाहेर गेलं? ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द कुणी निवडला, आणि त्यात कुणाची बचत झाली? स्कॉलर निघून गेल्यावर मागे काय उरलं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं हिशेबवह्या आणि ठरावांत शोधावी लागतील. तिसऱ्यासाठी गाणाऱ्या माणसांशी बोलावं लागेल.

हेच प्रश्न आपल्या जवळही विचारता येतात. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या पॅरिश शाळांमध्ये ‘मेस्त्रे’ मुलांना सोल्फेज आणि व्हायोलिन शिकवत आणि तीच मुलं चर्चमध्ये गात, वाजवत. त्यांतून पुढे अनेक व्यावसायिक वादक घडले, मुंबईच्या चित्रपटसंगीतापर्यंत पोचले. गावाने मुलांना संगीत दिलं, मुलांनी गावाला उपासनेचं गाणं दिलं. किंग्जशी तुलना करायला हे उत्तम उदाहरण आहे, फक्त कोकणी आणि पोर्तुगीज साधनं वाचायची तयारी हवी.

आणि शेवटचा मुद्दा आपल्या सगळ्यांचा. उद्या तुम्हाला फेलोशिप मिळेल. तुम्ही विभागात प्रॅक्टिकल घ्याल, पेपर तपासाल, गाईडची कामं कराल. त्याला शिक्षण म्हणायचं की नोकरी, हे कुठल्या शब्दावर ठरतंय ते बघा. शब्द बदलला की रजा, भत्ता, हक्क सगळंच बदलतं. ले क्लार्कला ते ठाऊक होतं. आपल्यालाही ठाऊक असलेलं बरं.

तुमच्या विषयात असा एखादा शब्द सापडतोय का? सिनॉप्सिस लिहिण्याआधी तो शोधा आणि त्याच्यासमोर एवढंच लिहा : हा शब्द आधी कुठल्या शब्दाच्या जागी आला?