अंगणातली डिझेल जीप

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्यानंतर कितीतरी वर्षं या लांबलचक जिल्ह्यात रेल्वेचं स्टेशन एकच होतं, वडसा, आणि तेही पार उत्तरेच्या टोकाला. खाली एटापल्ली, भामरागड, सिरोंच्याकडे जायचं तर रस्ताच, आणि पावसाळ्यात रस्त्यात नाले. भामरागडजवळची पर्लकोटा चढली की पलीकडचा मुलूख तुटायचा. अजूनही पावसाळ्यात ती बातमी दर वर्षी येतेच. १९७३ मध्ये आमटे कुटुंबाने हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा तर हा तुटलेपणा महिनोन्‌महिने टिकायचा. अशा मुलखात माणूस चारचाकी घेताना ती दिसते कशी हे नंतर पाहतो. बंद पडली तर उघडणार कोण, हा त्याचा पहिला प्रश्न असतो.

डिझेल जीप इथे इतकी वर्षं टिकली याचं श्रेय लोक तिच्या मजबुतीला देतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. मजबूत म्हणाल तर तिचे पाटे तुटायचे, हेड गॅस्केट जळायचं, पत्रा सडायचा, स्टिअरिंगला हातभर ढिलाई यायची. पण ती उघडता यायची. दहा-बारा पाने, पक्कड, फिलर गेज, हातोडी आणि धीर एवढ्यावर तिचं निम्म्याहून जास्त दुखणं घरच्या अंगणात निघायचं. या अंगणातल्या कामाचा इतिहास कुणी फारसा लिहिलेला नाही, कारण ते करणाऱ्यांना तो इतिहास वाटतच नव्हता.

ही गाडी मुळात अमेरिकेची, दुसऱ्या महायुद्धातली. ओहायोतल्या टोलेडोच्या विलिस कंपनीची. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत माझगावला तिचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली. सैन्य, पोलीस, वनखातं, सिंचन, महसूल, सगळ्यांकडे ती पोचली. चांद्याच्या जंगलात साहेब आला म्हणजे जीप आली, असं समीकरण बरीच वर्षं होतं. मात्र ती जीप पेट्रोलची होती. पेट्रोल इंजिनला ठिणगी लागते, ठिणगीसाठी डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरी लागतात, आणि या वायरी भिजल्या की गाडी भर नाल्यात उभी. शिवाय १९७३ च्या तेलसंकटानंतर काही महिन्यांत कच्चं तेल जवळजवळ चौपट महागलं. सरकारी गाडी सोडली तर पेट्रोलची जीप पोसणं कुणाच्या आवाक्यात राहिलं नाही.

डिझेल इंजिन जीपमध्ये आलं ते दोन वाटांनी. पहिली वाट शेतातून. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली होती. त्या घराण्यातलं डिझेल इंजिन १९७० च्या दशकात जीपमध्ये बसू लागलं. जड, कर्कश, पण ट्रॅक्टर उघडणाऱ्या कुठल्याही मिस्त्रीला ओळखीचं. दुसरी वाट फ्रान्सहून. प्युजो कंपनीशी १९७९ मध्ये करार झाला आणि इगतपुरीच्या कारखान्यात प्युजोचं इंजिन तयार होऊ लागलं. नाव एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर आणि नव्वद मिलिमीटरचा बोअर, एवढाच त्या आकड्यांचा अर्थ. २११२ सीसी, साठेक अश्वशक्ती. आजच्या हिशेबाने ही ताकद हसण्यासारखी आहे. एमएम ५४० जीपमध्ये हेच इंजिन होतं आणि जुने लोक अजूनही त्या जीपला 'प्युजो' म्हणतात, जणू गाडीच फ्रेंच आहे.

डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबायची की ती तापते, त्यात नोझलमधून डिझेलचा फवारा मारायचा, तो आपोआप पेटतो. प्युजोच्या इंजिनात हा फवारा मुख्य सिलिंडरच्या शेजारच्या लहानशा खोलीत पडायचा, म्हणून थंडीत सुरू करताना आधी हीटरचा प्लग तापवावा लागे. एकदा सुरू झालं की बॅटरी गेली तरी चालेल. बंद करायचं तर बहुतेक जीपमध्ये डॅशबोर्डखालची दोरी ओढायची. जंगलातल्या माणसाला हे फार मानवलं: सेल्फ गेलेली गाडी उतारावर लावायची, सकाळी दोघांनी धक्का मारायचा, आणि दिवसभर बंद करायची नाही.

नाला ओलांडण्याची एक रीतच होती. पाणी खोल दिसलं की आधी फॅनचा पट्टा सैल करून काढायचा. नाहीतर पंखा पाणी उडवतो आणि कधी कधी वाकून रेडिएटरमध्ये घुसतो. मग पहिल्या गिअरमध्ये, एका चालीने, मध्ये न थांबता. पाणी एअर फिल्टरच्या तोंडाशी जाता कामा नये. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन पाण्यावर आपटला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग अंगणातलं काम संपून चंद्रपूरचं सुरू होतं. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलके दाबत चालवायची, म्हणजे लायनर सुकतात. घरी आल्यावर गिअरबॉक्स आणि हाउसिंगचं ऑइल बघायचं. दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय, त्याच दिवशी सांडून टाकायचं. हे शेवटचं काम आळसाने राहायचं आणि महिनाभराने बेअरिंग ओरडायचं.

सगळ्यात जास्त वेळा करावं लागायचं ते काम म्हणजे हवा काढणं. टाकी कोरडी पडली, फिल्टर बदलला, नळीला भेग गेली, की डिझेलच्या वाटेत हवा अडकते आणि इंजिन नुसतं फिरत राहतं. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हाताने दाबायचा छोटा पंप मारत राहायचं, फेस थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. तरीही जमलं नाही तर नोझलच्या नळ्यांचे नट एकेक करून सैल करायचे, सेल्फ मारायचा, थेंब आला की आवळायचे. जीपवाल्या घरातली पोरं हे बघूनच शिकायची.

याहून वरचं काम म्हणजे टॅपेट लावणं, हेड उतरवून गॅस्केट बदलणं, आणि सगळ्यात वरचं म्हणजे लायनर-पिस्टन. बल्ल्यांच्या तिवईला साखळीची कप्पी टांगून इंजिनच बाहेर काढणारेही होते. जॅकवर भरवसा नसायचा, म्हणून चासीखाली लाकडाचा ओंडका. (ओंडका सागाचा असला तर तो कुठून आला हे विचारायचं नाही.) सुटे भाग घमेल्यात रॉकेलने धुवायचे. तेच रॉकेल डिझेलमध्ये भेसळ होऊन आलं की मात्र शत्रू, कारण डिझेलचा चिकटपणाच पंपाचं वंगण असतो. पंप झिजला की अंगण हात टेकायचं. १९५१ मध्ये स्थापन झालेली बंगळुरूची मायको कंपनी देशभराच्या डिझेल गाड्यांना पंप आणि नोझल पुरवत होती; ते उघडायला आणि जुळवायला टेस्ट बेंच लागतो, म्हणून पंप गोणपाटात गुंडाळून एसटीने चंद्रपूरला किंवा नागपूरला जायचा.

या सगळ्यावर पोट भरणारी मंडळी म्हणजे काळीपिवळीवाले. पूर्व विदर्भात प्रवासी जीपला नाव हेच, मग ती महिंद्राची असो की बजाज टेम्पोची ट्रॅक्स. एसटीची फेरी चुकली की काळीपिवळी. परवान्याच्या दुप्पट माणसं आत, काही मागे लटकलेली, टपावर पोती. ही वाहतूक धोकादायक होती यात शंका नाही, आणि तिच्या आठवणी काढून गहिवरणाऱ्यांनी त्यात मागे लटकून एकदा प्रवास करायला हवा होता. पण बाळंतीण असो, साप चावलेला माणूस असो की तेंदूपत्त्याच्या हंगामातला मजूर, रात्री दार वाजायचं ते जीपवाल्याचंच. त्याची गाडी चालू असणं ही गावाची गरज होती, आणि तो ती स्वतः चालू ठेवत होता.

पुढच्या गाड्या बंद होत गेल्या ते प्रदूषणाच्या नियमांनी, आणि त्या नियमांना कारण होतं. जुन्या डिझेलचा काळा धूर खरा आहे, फुप्फुसात जाणारा आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्यांखाली राहून जीपच्या धुराबद्दल प्रवचन ऐकणं जड जातं, एवढंच. बीएस-४ देशभर २०१७ मध्ये आलं, बीएस-६ एप्रिल २०२० मध्ये. आता कॉमन रेलमध्ये डिझेल हजार-दीड हजार बार दाबाने फिरतं. जुन्या नोझलला शंभर-दीडशे पुरायचं. चालू इंजिनावर या नव्या नळीचा नट सैल करणं म्हणजे हात गमावण्याची तयारी. हवा काढायची ती जुनी युक्ती इथे चालत नाही, आणि कोणता सेन्सर गेला हे सांगणारं यंत्र शहरात असतं. नवी गाडी क्वचित बिघडते, हे मान्य. बिघडली की मात्र ती ट्रकवर घालूनच न्यावी लागते.

जुन्या जीपवर घाला कॅलेंडरने घातला. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांपुढच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द झाली. वनखात्याच्या जुन्या जीपही या नियमात आल्या. खासगी गाडीला महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करून घेता येते. मोटारीसाठी हे शुल्क सहाशे रुपये होतं, १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार झालं. गाडी किती चालली, तिचं इंजिन कितीदा नवं झालं, हे या वयाच्या हिशेबात कुठे धरलेलं नाही. नियमाने तिचा जन्म एकदाच होतो. अंगणात ती तीन-चारदा जन्मलेली असते.

आरटीओत न्यायच्या आधी धूर कमी करायला नोझल साफ होतात, ब्रेक आवळले जातात, हॉर्न आणि दिवे लागतील असे केले जातात. शेवटी चासी नंबर. कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासून छाप घ्यायचा असतो, आणि तीस-पस्तीस पावसाळ्यांनी आकडे गंजून गेलेले असतात. मग चाकाखाली दगड लावून, आडवं होऊन, वायर ब्रशने एकेक आकडा उघडा करायचा. छाप निघाला की त्यावर बोटभर ग्रीस फासून ठेवायचं, पुढच्या पाच वर्षांसाठी.