वाचनालय आपलंच आहे

आम्ही देवगाव फाट्यावरच्या बचत गटाच्या बाया.

बाजाराला, दवाखान्याला आपण सेलूला जातो, जिंतूरला जातो, परभणीला जातो. वाटेत ‘सार्वजनिक वाचनालय’ अशी पाटी दिसते. ते शिकलेल्या माणसांचं, असं समजून आपण पुढे निघतो. पण वाचनालयं उभी कशी राहिली, ते आज ऐका.

परभणीचं गणेश वाचनालय 1901 सालचं. तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. कचेरीचा कारभार उर्दूत चाले. 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. घरात मराठी बोलणाऱ्या माणसाला मराठी पुस्तक, मराठी वर्तमानपत्र मिळायचं कुठं? वाचनालयात. पुढे ‘गश्ती निशाण 53’ नावाचा हुकूम निघाला. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी. अशा दिवसांत चार माणसांनी एकत्र बसून जगाची खबर घ्यायची जागा म्हणून वाचनालयाचं मोल फार वाढलं. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला, त्यामागे असं वाचणं-बोलणंही होतं.

ज्यांच्या गावात वाचनालय नव्हतं त्यांचं काय? बडोद्याचे सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचे, शेतकऱ्याच्या घरातले. त्यांनी 1910 च्या सुमारास अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि राज्यभर वाचनालयं काढली. लाकडी पेटीत पुस्तकं भरून ती गावोगाव फिरवली. माणूस पुस्तकापर्यंत येऊ शकत नसेल तर पुस्तकानं माणसापर्यंत जावं, असा तो विचार.

महाराष्ट्रात 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. आपल्याकडची बहुतेक वाचनालयं गावातल्या लोकांच्या संस्था चालवतात. सरकार त्यांना अ, ब, क, ड असा दर्जा देतं आणि त्याप्रमाणे अनुदान देतं. दर्जा ठरवताना पुस्तकं किती, सभासद किती, हे पाहिलं जातं. म्हणजे सभासद वाढले तर वाचनालयही वाढतं. वर्गणी, सभासद, नोंदवही, वार्षिक सभा, हिशोब. मैत्रिणींनो, यातलं आपल्याला नवीन काय आहे? आपला गट असाच तर चालतो!

तरी तिथल्या बाकांवर बाया फार कमी दिसतात. उघडायची वेळ आणि आपली चुलीची वेळ एकच असते. एकटीनं आत जायचा संकोच वाटतो. म्हणून एकटीनं जाऊच नका. पुढच्या मासिक बैठकीत विषय घ्या. जवळच्या वाचनालयाची वर्गणी आणि अनामत किती, ते दोघीतिघींनी जाऊन विचारा. गटासाठी महिन्याला पुस्तकांची एक पेटी देता का, हेही विचारा. जिला वाचता येतं तिनं बैठकीत दोन पानं मोठ्यानं वाचावीत, बाकीच्यांनी ऐकावीत. बँकेत पहिल्यांदा गेलो तेव्हाही पाय अडखळले होते. आता मॅनेजरसमोर खुर्ची ओढून बसतोच ना?

ठराव वहीत लिहा, आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा.