मागावरून संगणकात: मेमरीची कुळकथा

भिवंडीतले बहुतेक यंत्रमाग साधे आहेत आणि त्यांवर ग्रे कापड निघते. काठाचे किंवा नक्षीचे कापड काढायचे असले की मागाला डॉबी जोडावी लागते. डॉबीवर लाकडी पट्ट्यांची साखळी फिरत असते. पट्टीला ओळीने छिद्रे असतात आणि त्यांतल्या काहींत खुंट्या ठोकलेल्या असतात. खुंटी असेल तिथला ताण्याच्या दोऱ्यांचा संच उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, आणि मधल्या फटीतून धोटा बाणा घेऊन पलीकडे जातो. नक्षी विणकराच्या डोक्यात असावी लागत नाही, ती खुंट्यांत असते. 'आहे' आणि 'नाही' या दोनच अवस्थांत माहिती साठवून ठेवण्याची ही रीत संगणकाच्या मेमरीची सर्वांत जुनी पूर्वज म्हणता येईल.

तिची सुरुवात फ्रान्समधल्या लियों या रेशमाच्या पेठेत झाली. 1725 मध्ये बाझिल बुशों याने मागासाठी भोके पाडलेली कागदी पट्टी वापरली. पुढे काही वर्षांत फाल्कोंने कागदाऐवजी पुठ्ठ्याची कार्डे एकमेकांना जोडून आणली आणि 1804 च्या सुमारास जोसेफ मारी जाकार याने या सगळ्यातून चालता माग उभा केला. जॅकार्ड हे नाव आजही मागवाल्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज याने 1830 च्या दशकात आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच कार्डे घेतली, आणि त्याहून मोलाची एक गोष्ट केली: आकडे साठवणारा भाग आणि आकडेमोड करणारा भाग वेगवेगळे ठेवले. त्याचे यंत्र पुरे झाले नाही, पण रॅम आणि प्रोसेसर यांची फारकत तिथपासूनची आहे. 1890 च्या अमेरिकेच्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथने छिद्रांची कार्डे विजेवर वाचून दाखवली.

कार्डांची मोठी अडचण म्हणजे ती क्रमानेच येतात. शंभरावे कार्ड हवे असले तर आधीची नव्याण्णव जाऊ द्यावी लागतात. कापडाला हे चालते, कारण नक्षी ओळीमागून ओळ अशीच पुढे सरकते. हिशेबाला मात्र कधी इथला आकडा लागतो तर कधी तिथला. कुठलाही आकडा सारख्याच वेळात हाती देणारी मेमरी पहिल्यांदा मँचेस्टरमध्ये जमली. फ्रेडरिक विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी टीव्हीसारख्या काचनळीच्या पडद्यावर विद्युतभाराचे ठिपके साठवले आणि 21 जून 1948 रोजी त्या मेमरीवर संगणक चालवून दाखवला. तिच्यात 32 बिटांचे 32 शब्द मावत. ठिपके मात्र लगेच विरत, म्हणून ते पुन्हा पुन्हा उमटवावे लागत.

यानंतरचा टप्पा या कुळातला सर्वांत देखणा आहे, आणि त्यात विणकाम पुन्हा येते. फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्या घ्यायच्या आणि उभ्या-आडव्या तारांच्या जाळीत प्रत्येक छेदावर एकेक ओवायची. कडी एका दिशेने चुंबकित असेल तर एक, उलट दिशेने असेल तर शून्य. एका उभ्या तारेतून निम्मा प्रवाह सोडायचा, एका आडव्या तारेतून निम्मा. एकट्या निम्म्या प्रवाहाने कडी हलत नाही, दोन्ही प्रवाह जिथे भेटतात ती एकच कडी फिरते. हजारो कड्यांमधून नेमकी एक निवडायला इतका साधा उपाय पुरला, हे आजही थक्क करणारे आहे. ॲन वँग यांच्या 1949 च्या कामाने या मेमरीचा पाया घातला, आणि जे फॉरेस्टर यांनी एमआयटीतल्या व्हर्लविंड संगणकावर ती 1953 मध्ये बसवली. अशा जाळ्या बहुधा स्त्रिया हाताने ओवत.

भिवंडीपासून पन्नासएक किलोमीटरवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला संगणक 1960 मध्ये पूर्ण झाला. 1962 मध्ये त्याला टिफ्रॅक हे नाव मिळाले. त्यात 2,700 व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि मेमरी याच फेराइट कड्यांची होती: 40 बिटांचे 2,048 शब्द, म्हणजे 81,920 बिट. आजच्या हिशेबाने ती फक्त 10 किलोबाइट भरते. बाजारात मिळणारी 8 जीबीची रॅम तिच्या आठ लाख पटींहून मोठी आहे.

चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या संगणकात तर कार्यक्रमच विणलेला होता. तार कडीच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. हे काम अमेरिकेतल्या वॉल्थम येथे रेथिऑन कंपनीत स्त्रियांनी केले. एकदा विणले की बदल करणे जवळजवळ अशक्य होते, पण वीज गेली तरी पुसले जाण्याची भीतीही नव्हती.

कड्यांचे युग संपवले ते सिलिकॉनने. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांना 1966 मध्ये सुचले की एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक चिमुकला कपॅसिटर पुरेल. या रचनेचे पेटंट 1968 मध्ये मिळाले. 1970 मध्ये इंटेलची 1,024 बिटांची 1103 ही चिप बाजारात आली आणि कड्यांची जाळी मागे पडत गेली. डीरॅम म्हणतात ती हीच. तिच्या कपॅसिटरमधला भार गळत असतो, म्हणून साधारणपणे दर 64 मिलिसेकंदांत सारी मेमरी वाचून पुन्हा भरावी लागते. वीज गेली की सगळे पुसले जाते. पीसीत काम करताना मधेमधे 'सेव्ह' करावे लागते त्याचे कारण हे.

प्रोसेसर जसे वेगवान झाले तशी एक नवी दरी पडली. 3 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर एका नॅनोसेकंदात तीन ठोके घेतो, आणि रॅममधून आकडा यायला 80 ते 100 नॅनोसेकंद लागतात. तेवढ्यात अडीचशे-तीनशे ठोके फुकट जातात. यावर मॉरिस विल्क्स यांनी 1965 मध्ये उपाय मांडला: प्रोसेसरजवळ छोटी पण चपळ मेमरी ठेवावी आणि नुकतेच लागलेले आकडे तिच्यात राहू द्यावेत. 1968 मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम 360 मालिकेच्या 85 क्रमांकाच्या यंत्रात ती आली. कॅश म्हणतात ती हीच.

साध्या मागावर धोट्यातली कांडी संपली की माग थांबतो. भरलेली कांडी शेजारच्या टोपलीत असेल तर कारागीर ती क्षणात बदलतो, पण सूतच गोदामातून आणायचे असेल तर मागाचा वेग कितीही असो, कापड निघत नाही. पीसीत कांडी म्हणजे कॅश, टोपली म्हणजे रॅम, गोदाम म्हणजे डिस्क. फिरत्या हार्ड डिस्कला एक तुकडा शोधायला साधारण 10 मिलिसेकंद लागतात, म्हणजे रॅमच्या लाखपट. एसएसडीला लागतो तो वेळ मायक्रोसेकंदांत मोजतात, तरी तो रॅमच्या शेकडो पट असतो.

सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर 4 जीबीच्या संगणकात हिशेबाचे सॉफ्टवेअर, जीएसटीचे पोर्टल आणि ब्राउझरच्या दहा टॅब एकदम उघडल्या की हीच गत होते. रॅम भरली की विंडोज त्यातला कमी वापराचा भाग डिस्कवर टाकते आणि लागला की परत आणते. ही युक्ती मँचेस्टरच्या ॲटलस संगणकात 1962 मध्ये आली होती. आणणे-नेणे प्रमाणाबाहेर वाढले की डिस्कचा दिवा अखंड लुकलुकतो आणि माउसही अडखळतो. अशा वेळी रॅम वाढवली तर फरक लगेच दिसतो. मात्र रॅम भरतच नसेल तर जास्तीची नुसती पडून राहते. त्याऐवजी दोन सारख्या पट्ट्या दोन वाहिन्यांत बसवल्या तर रॅम आणि प्रोसेसर यांच्यातला रस्ता दुप्पट रुंद होतो. डीडीआर 4 ची 3200 दर्जाची पट्टी एका वाहिनीतून सेकंदाला जास्तीत जास्त 25.6 गिगाबाइट देऊ शकते, दोन वाहिन्यांत 51.2. हा फायदा गेम किंवा व्हिडिओच्या कामात दिसतो, पत्रे टंकण्यात फारसा नाही. पट्टी घेताना मदरबोर्डची पिढी जुळली पाहिजे, कारण डीडीआर 3, 4 आणि 5 या तिन्हींच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात आणि एकीची पट्टी दुसरीच्या जागेत बसत नाही.