अंड्यातील जीव ओळखताना

आमच्या खापरच्या उत्तरेस, डोंगरांपलीकडे, अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीसारखी नर्मदाकाठची गावे आहेत. १९९३ पासून सरदार सरोवराचे पाणी त्यांत शिरू लागले. ज्या पाण्याने शेते बुडविली, त्याच पाण्यातील मासेमारी पुढे अनेकांचा आधार झाली. परंतु कटला, रोहू, मृगळ हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साचलेल्या पाण्यात त्यांची वीण सहसा होत नाही. म्हणून मत्स्यबीज बाहेरून आणून सोडावे लागते.

पूर्वी हे बीज नदीतूनच गोळा करीत. त्यात नको त्या जातींची पिलेही मिसळलेली असत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी माशांच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातील माशांची वीण घडवून आणली. तो दिवस आज मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

या शोधाबरोबर अंडी पारखण्याची विद्याही आवश्यक ठरली. फलित अंडे पाण्याने फुगून मण्यासारखे नितळ राहते. अफलित अंडे पांढुरके व अपारदर्शक होते. निवाडा मात्र घाईने करू नये. काही तासांनी नितळ अंड्यात गर्भ वळवळताना दिसला, की खात्री पटते. उबदार पाण्यात साधारण १४ ते २० तासांत पिलू बाहेर पडते. मृत अंडी कुजून पाणी नासवितात आणि जिवंत अंड्यांचाही घात करतात.

ज्यांची जमीन एकदा गेली, त्यांच्या पदरी निकृष्ट बीज पडले तर पुढचे वर्षही बुडते. म्हणून ही पारख आम्हांस केवळ शास्त्राची बाब वाटत नाही; ती न्यायाचीही आहे.